सातवी ‘ब’चा तराजू

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास, सातवी ‘ब’च्या वर्गात, वर्गभर पालकांच्या देखत, वजनमापे खात्याच्या निरीक्षकांनी गणिताच्या बाईंचा तराजू सील केला. निरीक्षकांची मुलगी त्याच वर्गात शिकत होती. त्या वेळी ती फळ्याशेजारी खडूचा डबा धरून उभी होती. तराजूला दोरा गुंडाळला जात असताना तो डबा तिच्या हातून पडला नाही, हेही नोंदवून ठेवायला हवं, कारण पुढे बऱ्याच जणांनी तो पडला म्हणून सांगितलं.

निमित्त साधं होतं. शाळेने घरोघर चिठ्ठी पाठवली होती, की सातवीच्या गणिताच्या तासाला काय अपेक्षित आहे हे समजावं म्हणून पालकांनी एक तास वर्गात येऊन बसावं. वास्तविक सातवीच्या गणितात काय अपेक्षित असतं ते कुठल्याही पालकाला माहीत असतं. मार्क. त्यासाठी बाकावर येऊन बसायची गरज नसते. निरीक्षकांनीही चिठ्ठी वाचून बायकोकडे सरकवली होती.

पण मुलगी हटून बसली. तिला घरात आणि शाळेतही मुंगी म्हणत, कारण ती बारीक होती आणि चावत नसे. “आई नको. बाबा, तुम्हीच या. पहिल्या बाकावर बसायचं. मी जागा धरून ठेवणार आहे.”

मुंगीने गणितासाठी हट्ट धरणं ही त्या घरात नवलाची गोष्ट होती. सहावीत तिच्या पोटात दुखायचं. डॉक्टरांना दुखणं सापडलं नाही. ते शेवटी आईला वेळापत्रकात सापडलं: ज्या दिवशी पहिला तास गणिताचा, त्या दिवशी दुखणं हजर. सातवीत नव्या बाई आल्या आणि दुखणं गेलं. पोरगी जेवताना बोटावर चमचा तोलून धरायला लागली. एकदा तिने विचारलं, “बाबा, तराजूच्या दोन्ही बाजूंनी सारखंच काढून घेतलं तर काय होतं?”

“काही होत नाही,” निरीक्षक म्हणाले.

“तेच तर!” असं म्हणून ती इतकी हसली, की तिला ठसका लागला. त्यात हसण्यासारखं काय आहे ते निरीक्षकांना कळलं नाही, पण पोट दुखत नव्हतं हे कळलं.

तर निरीक्षक निघाले. निघताना त्यांनी खात्याची पिशवी खांद्याला लावली. तिच्यात दोरा, शिशाच्या गोळ्या, त्या दाबायचा चिमटा आणि पंचनाम्याचे कोरे कागद असत.

“अहो, शाळेत चाललात, धाडीवर नाही,” बायको म्हणाली. “ती पिशवी ठेवा घरी.”

“असू दे. सवय आहे.”

ही पिशवी याआधी मेव्हणीच्या लग्नातही जाऊन आली होती. तिथे आचाऱ्याचा काटा बघायला निरीक्षक वाकले, तेव्हापासून सासरच्या कार्यात त्यांना पहिल्या पंगतीत बसवतात. लोकांना तो मान वाटतो. लवकर जेवून लवकर जावेत एवढाच त्यामागे उद्देश आहे.

वर्गात पहिला बाक त्यांच्यासाठी राखलेला होता. त्या बाकावर बसलं की प्रौढ माणसाचे गुडघे हनुवटीला लागतात आणि निम्मी प्रतिष्ठा तिथेच गळते. शेजारी दातांचे डॉक्टर बसले होते. मागच्या बाकावर भर बाजारातला किराणा दुकानदार होता. त्याचा मुलगा याच वर्गात. त्याचा काटा निरीक्षकांनी मागच्याच महिन्यात सील केला होता, पारड्याखाली मेणाचा गोळा निघाला म्हणून. दुकानदाराने निरीक्षकांना पाहून हात जोडले. नमस्कार जरा जास्तच वाकून होता.

मुलं पुढे जमिनीवर बसली. बाई तरुण होत्या, आवाज बारीक होता आणि त्यांना एक खोड होती: प्रश्न विचारला की त्या थांबायच्या. नुसत्या थांबायच्या. मोठ्या माणसांना अवघडल्यासारखं होईपर्यंत थांबायच्या. मुलांना त्याची सवय झालेली होती.

“सहावीपर्यंत गणितात आकडे होते,” बाई म्हणाल्या. “सातवीत अक्षरं येतात. ‘क्ष’ येतो. पालकांना वाटतं, हे काय नवीन खूळ. पण ‘क्ष’ म्हणजे बांधलेली पुडी. आत किती आहे ते माहीत नाही, एवढंच. फोडायची नाही. न फोडता आत किती आहे ते काढायचं. त्यासाठी आपल्याला हा लागतो.”

त्यांनी टेबलावरचं फडकं काढलं. खाली तराजू होता. लाकडी दांडी, मध्ये काटा, साखळ्यांना टांगलेली पत्र्याची दोन पारडी. दोन्ही पारडी रिकामी. दांडी स्थिर झाली.

“आता काय दिसतंय?” बाईंनी विचारलं, आणि त्या थांबल्या.

पालक बघत होते. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. जमिनीवरची मुलं एकमेकांना कोपरखळ्या मारत होती, आणि मुंगी खडूचा डबा छातीशी धरून फक्त आपल्या बापाकडे बघत होती. निरीक्षकांना तेव्हा ते दिसलं नाही. त्यांना काटा दिसत होता. काटा मध्यावर नव्हता. डावं पारडं रिकामं असून खाली होतं. केसभरच, पण खाली.

माणूस पोहणारा असेल तर बुडणाऱ्याला बघून त्याचं अंग आपोआप पाण्याकडे झेपावतं म्हणतात. निरीक्षकांचं अंग बाकातून निघालं. एक गुडघा अडकला, तो सोडवून ते टेबलाशी गेले, त्यांनी डावं पारडं उचललं आणि तळ उजेडाकडे धरला. तळाला मातीचा गोळा चिकटवलेला होता, बोटाने दाबून सपाट केलेला.

“हा तराजू खोटा आहे,” निरीक्षक म्हणाले. बाजारात म्हणतात त्याच आवाजात म्हणाले. त्यांच्याकडे आवाज एकच आहे.

बाई काही बोलणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून दुकानदार उठला.

“वा, साहेब, वा! मग करा की सील!”

“हा शाळेचा आहे.”

“असू दे की. माझ्या पारड्याखाली मेण निघालं तर माझा काटा गेला. बाईंच्या पारड्याखाली माती निघाली. मातीला माफी आहे का? तसं काही असेल तर सांगा, मीही यापुढे माती वापरतो.”

पालक हसले. हसण्याने गोष्टी बिघडतात हा निरीक्षकांचा जुना अनुभव होता.

“आज शनिवार आहे. मी कामावर नाही.”

“माझ्याकडे आलात तेव्हा रविवार होता, साहेब. मीच शटर अर्धं उघडून दिलं होतं तुम्हाला.”

हे खरं होतं. निरीक्षकांनी वळून डॉक्टरांकडे पाहिलं. “नियम तो नियम,” डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना घरी जायचं होतं. निरीक्षकांच्या खांद्याला पिशवी होती. ती नसती तर पुढचं सगळं टळलं असतं असं त्यांची बायको आजही म्हणते.

त्यांनी दोरा काढला.

“अहो, ऐका, तो गोळा मी मुद्दाम—” बाई म्हणाल्या.

निरीक्षकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. इथे त्यांच्या मनात दया होती हे सांगितलं पाहिजे. मुद्दाम या शब्दाला त्यांच्या खात्यात फार जबर किंमत आहे. “बाई, काही बोलू नका,” ते हळूच म्हणाले. “बोललेलं मला लिहावं लागतं.”

बाई गप्प झाल्या. पंचनामा झाला: डाव्या पारड्याच्या तळाशी मातीचा गोळा, बोटाचा ठसा स्पष्ट. पंच म्हणून दुकानदाराने सही केली. त्याने अशी ऐसपैस सही आयुष्यात दुसऱ्यांदा केली नसेल. डॉक्टरांची सही कुणाला वाचता आली नाही. तराजू गोणपाटात बांधून मुख्याध्यापिकांच्या कपाटात ठेवला गेला. सातवीच्या गणितात काय अपेक्षित आहे ते पालकांना त्या दिवशी पूर्ण कळलं नाही.

घरी येताना मुंगी चार पावलं मागून चालत होती. घरी आल्यावर तिने बूट काढले, ते जागेवर ठेवले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“बाबा, तो गोळा बाईच लावतात.”

“तेच त्यांनी सांगायला नको होतं.”

“पहिल्याच दिवशी लावला होता. आमच्यासाठी. रिकामा तराजू ठेवतात आणि विचारतात, काय दिसतंय. मग थांबतात. आधी तराजू खरा आहे का ते बघायचं, मग समीकरण. ज्याला दिसेल त्याने हात वर करायचा. मग गोळा काढायचा, किंवा दुसऱ्या बाजूला तेवढाच लावायचा. दोन्ही चालतं.” ती थांबली. “पहिल्या दिवशी मला दिसलं होतं. मी हात वर केला होता.”

बायकोने गॅस बंद केला.

“मी बाईंना सांगितलं होतं, माझ्या बाबांना लगेच दिसेल. बाई म्हणाल्या, मग त्यांना पहिल्या बाकावर बसव.” मुंगीचा आवाज चढला नव्हता. “तुम्हाला उत्तर आलं होतं, बाबा. फक्त हात वर करायचा होता.”

त्यानंतर मुंगी घरात बोलेनाशी झाली. म्हणजे आईशी बोलायची, मीठ मागायची. बापाशी नाही. सोमवारी तिच्या पोटात दुखलं.

सोमवारीच निरीक्षक कचेरीत आपल्या साहेबांपुढे उभे राहिले. साहेब सुपारी कातरल्यासारखे तुकडे पाडत बोलत.

“शाळेचा तराजू सील केलात. शाळेत काय विकतात?”

“काही नाही, साहेब.”

“मग?”

“पंच होते, साहेब.”

“पंच होते म्हणून सील केलात?”

“म्हणजे, पंच आग्रही होते. सील काढून टाकावं म्हणतो मी. शिकवायचा तराजू आहे. गोळा बाईंनी शिकवण्यासाठी लावला होता.”

साहेबांनी चष्मा काढला. “अहो, सील लग्नासारखं असतं. लावायला दोन साक्षीदार पुरतात, सोडवायला कोर्ट लागतं. उघडताना मालकाचा जबाब घ्यावा लागेल. दोनच प्रकार आहेत. गोळा आपोआप चिकटला, तर निष्काळजीपणा, समज देऊन सोडायचं. गोळा मुद्दाम लावला, तर लबाडी, खटला भरायचा. यात तुमच्या बाई कुठे बसतात?”

निरीक्षकांना उत्तर माहीत होतं. तोच दुसरा प्रकार, आणि पंचनाम्यात बोटाचा ठसा त्यांनीच लिहिला होता, स्पष्ट असा शब्द वापरून. आपल्या हस्ताक्षराचा त्यांना प्रथमच राग आला.

इकडे शेजारपाजारच्यांना कामाला लागायला वेळ लागला नाही. समोरच्या काकू डबा परत करायला म्हणून आल्या आणि बसल्याच. “एवढं काय त्यात! नवा तराजू घेऊन द्या शाळेला. पोरांचं शिकणं चालू राहील, बाईंचं मन राहील. माणसाने चूक केली की वस्तू द्यावी. आमच्याकडे हे भांडले की पातेलं आणतात. माझ्याकडे अख्खा संच झालाय.”

निरीक्षकांना हे पटलं. पडत्या माणसाला कुठलाही हात हातच वाटतो. त्यांनी बाजारातला सगळ्यात उत्तम तराजू निवडला, स्वतः तपासला, खात्याचा शिक्का मारून घेतला आणि शाळेत नेऊन दिला. दुसऱ्याच दिवशी तो परत आला. सोबत मुख्याध्यापिकांचं पत्र साहेबांच्या नावे होतं: ज्या अधिकाऱ्याने संस्थेवर कारवाई केली आहे त्याच अधिकाऱ्याकडून संस्थेने वस्तू कशी स्वीकारावी, याचा खुलासा व्हावा. साहेबांनी ते पत्र निरीक्षकांपुढे ठेवलं.

“आजवर आपल्या खात्यातल्या माणसांनी व्यापाऱ्यांकडून घेतल्याच्या तक्रारी आल्या,” साहेब म्हणाले. “देणारे तुम्ही पहिले.”

नवा तराजू घरी स्वयंपाकघराच्या माळ्यावर गेला. मुंगीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. बाई कच्च्या नोकरीवर आहेत, त्यांना कायम करायचं की नाही हे संस्थेचं मंडळ याच सत्राअखेर ठरवणार आहे, आणि वर सील पडलेलं असताना त्यांना वर्गावर पाठवलं तर आपल्यालाच विचारतील, एवढाच विचार त्यांनी केला. त्यांनी बाईंना ग्रंथालयात पुस्तकांना कागद लावायला बसवलं आणि गणिताचा तास पीटीच्या सरांना दिला. मोकळे तेच होते. मैदानाचं खोदकाम चाललं होतं.

पीटीच्या सरांची शिकवण्याची पद्धत त्यांच्या विषयाला धरून होती. त्यांनी वर्गाच्या मध्यभागी खडूने रेघ ओढली. “ही बरोबरची खूण. अधिक म्हणजे तोंड इकडे. उणे म्हणजे तोंड तिकडे. रेघ ओलांडली की एकदम पीछे मुड! समजलं?” मुलांनी रेघ ओलांडली आणि तोंडं फिरवली. कुणीतरी विचारलं, का? सर म्हणाले, “शिट्टी वाजली की का विचारतात का?” पहिल्या चार दिवसांत मुलांना सगळं यायला लागलं. का यायला लागलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. काही पालकांनी समाधान व्यक्त केलं.

एका दुपारी निरीक्षक ग्रंथालयात गेले. बाई खाकी कागदाच्या ढिगाऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी खुर्ची दाखवली. तीही लहान मुलांची होती.

“बाई, एक विनंती आहे. जबाबात एवढंच लिहा की गोळा कसा चिकटला ते लक्षात आलं नाही. समज मिळेल, सील निघेल. प्रकरण संपेल.”

“लक्षात आलं नाही?” बाई म्हणाल्या. “तराजूला गोळा आहे हे गणिताच्या बाईंच्या लक्षात आलं नाही, असं मी मंडळाला लिहून देऊ?”

निरीक्षक या बाजूने विचार करायला विसरले होते.

“आणि मुलांना काय सांगू? त्यांना तर ठाऊक आहे मी लावला ते.” त्यांनी कागदाची घडी नखाने दाबली. “त्या दिवशी तुम्ही मला गप्प बसवलंत ना, तेव्हा मला वाटलं तुम्हाला कळलंय. मला वाटलं, मुंगीचे बाबा आहेत, खेळ पुढे नेतायत. दोरा शिशाने दाबलात तेव्हा कळलं.”

निरीक्षक उठले. उठताना खुर्ची त्यांच्यासोबत उठली, ती बाईंनी धरून सोडवली.

वरच्या मजल्यावर निवृत्त हेडक्लार्क राहत. उभी हयात त्यांनी फायलींत काढली होती आणि आता फायलींवाचून त्यांची भूक मेली होती. हे प्रकरण कानावर येताच ते स्वेटर घालून खाली उतरले.

“तुमचा घोळ काय आहे सांगू? प्रकार दोनच आहेत. तिसरा काढायला लावा. ‘मुद्दाम, परंतु शिकवण्याच्या हेतूने’. वरिष्ठ कचेरीला प्रस्ताव पाठवा. मी मसुदा देतो.”

“वेळ किती लागेल?”

“वेळ?” हेडक्लार्क दुखावले. “अहो, तिसरा प्रकार निघतोय. माणसं दुसऱ्या प्रकारात मरून गेली.”

मसुदा सुंदर झाला. त्यात ‘उपरोक्त गोळा’ असा शब्दप्रयोग होता. प्रस्ताव वर गेला.

दरम्यान दुकानदार स्वतःच निरीक्षकांच्या दारात आला. हातात काही नव्हतं, ही त्याची पहिली हुशारी. चहा घेतला, बशी खाली ठेवली.

“साहेब, खरं सांगतो, त्या दिवशी मला मजा वाटली. आता नाही वाटत. पोरगा माझा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाच्या पुड्यांची समीकरणं सोडवायचा. दोन पुड्या आणि पाव किलो म्हणजे सव्वा किलो, मग पुडी किती? गिऱ्हाइक ताटकळायचं, पण मला बरं वाटायचं. आता घरी येतो आणि रेघ ओढून तोंड फिरवतो. वहिनी, हसू नका, खरंच फिरवतो.”

“मग?” निरीक्षक म्हणाले.

“मग मी पंच आहे ना. मी नवा जबाब देतो. माती फडक्याला लागून आली होती, पारडं ठेवताना चिकटली, माझ्या डोळ्यांदेखत. बाईंना माहीतही नव्हतं. कोण नाही म्हणेल? डॉक्टर तर बघतच नव्हते.”

“ठसा आहे.”

“ठसा तुमचा पडला असेल. पारडं तुम्ही उचललंत.” दुकानदार जरा पुढे सरकला. “फक्त एक करा. तसंच माझं मेण. दिवे गेले होते, मेणबत्ती लावली होती, गळलं. हे मी तेव्हाही सांगत होतो. ते तेवढं लिहा. दोन्ही बाजूंनी सारखंच काढून घेऊ. पोरांना शिकवतात तसं.”

निरीक्षकांनी ते मेण स्वतःच्या नखाने काढलेलं होतं. ते थरावर थर होतं. मेणबत्तीला असं पद्धतशीर गळायला काही वर्षं लागली असती. त्या दुकानातून किलोमागे थोडं थोडं असं कुणाकुणाच्या घरचं गेलं होतं. समोरच्या काकूंचंही गेलं होतं.

आतल्या खोलीच्या दारात मुंगी उभी होती. कधीपासून ते कुणी पाहिलं नव्हतं.

“तुमचा काटा खोटा होता,” निरीक्षक शेवटी म्हणाले. आवाज तोच, बाजारातला.

“मग बाईंचा?”

“तोही खोटा होता.”

“मग बसा दोघेही खरे!” दुकानदार चपला शोधत म्हणाला. “बाई तिकडे कागद लावत बसतील, तुम्ही इकडे शिसं दाबत बसा. पोरं मात्र तोंडं फिरवत राहतील.”

तो गेल्यावर बायको म्हणाली, “लिहिलं असतंत तर काय झालं असतं?”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं लिहायला नको होतं,” बायको म्हणाली. “पण तुम्ही एकदा तरी विचार करायला हवा होतात. थांबायला. बाई थांबतात तसं.”

मुंगी आत गेली. मात्र त्या रात्री जेवताना तिने आईला बाजूला सारून बापाकडेच मीठ मागितलं. घरातल्या तहाचं तेवढं एक कलम झालं. पुढची कलमं झाली नाहीत.

वरिष्ठ कचेरीचं उत्तर मंडळाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी आलं. तिसऱ्या प्रकाराबाबत विचार करता येईल, परंतु तत्पूर्वी सदर तराजू व्यापारी वापराचा आहे किंवा कसे हे ठरवणे आवश्यक; शाळा विद्यार्थ्यांकडून फी घेते काय, घेत असल्यास कशाची, व सदर फीमध्ये तराजूचा अंतर्भाव होतो काय, हे कळवावे. हेडक्लार्क ते वाचून गहिवरले. “काय लिहिलंय!” म्हणाले. “हा माणूस वर जाणार.”

बैठक आज दुपारची आहे. एकच मुद्दा आहे: गणिताच्या बाईंना कायम करायचं की सत्र संपताच मोकळं करायचं. निरीक्षकांना साक्षीला बोलावलं. ते आज पिशवी घरी ठेवून आले. खांदा मोकळा असल्याने ते जरा उजवीकडे झुकून चालत होते.

मंडळाची खोली मधल्या मजल्यावर आहे आणि त्याच मजल्यावर सातवी ‘ब’. बाहेरच्या बाकावर बाई बसल्या होत्या. निरीक्षकांनी नमस्कार केला. त्यांनीही केला. त्यानंतर दोघेही एकाच दिशेने बघू लागले, कारण व्हरांड्याच्या टोकाला, वर्गाच्या दाराबाहेर, मुंगी उभी होती. तिचा उजवा हात वर होता.

प्रकार असा झाला होता. तास संपत आला तेव्हा पीटीच्या सरांनी रोजच्यासारखं विचारलं, “समजलं? कुणाला काही अडचण?” रोजच्यासारखा कुणाचाच हात वर आला नाही. मुंगीचा आला. सर म्हणाले, “बोल.” ती म्हणाली, “रेघ ओलांडल्यावर तोंड का फिरवायचं?” सर म्हणाले, “हात खाली.” तिने नाही घेतला. सरांनी पुन्हा सांगितलं, आधी साध्या आवाजात, मग मैदानावरच्या. मग म्हणाले, “हात खाली येत नाही तोवर बाहेर उभी राहा.” ती बाहेर जाऊन उभी राहिली. पुढचा तास इतिहासाचा होता. इतिहासाच्या बाईंनी आत ये म्हटलं. मुंगी म्हणाली, “मला गणितात विचारायचंय.” इतिहासाच्या बाईंचा त्याला इलाज नव्हता.

“हात दुखेल तिचा,” निरीक्षक बाकावरून म्हणाले.

“मी जाऊ शकत नाही,” बाई म्हणाल्या. “मला वर्गाजवळ जायची मनाई आहे.” त्या उठल्या नाहीत, पण नजर काढलीही नाही. त्या थांबल्या होत्या.

निरीक्षक उठले. ते लेकीपाशी पोचणार तेवढ्यात मंडळाच्या खोलीतून शिपायाने हाक मारली, आणि ते आत गेले.

आत अध्यक्ष आहेत, सभासद आहेत, मुख्याध्यापिका आहेत, आणि टेबलाच्या मधोमध गोणपाटात बांधलेला तराजू आहे. शिशाचं सील जसंच्या तसं. निरीक्षकांना कुणी बसा म्हटलेलं नाही. सभासदांपैकी एकाने कचेरीचं पत्र मोठ्याने वाचलं आणि त्यावरून वाद पेटला: शाळा फी घेते म्हणजे शाळा विकते काय, विकत असेल तर काय, आणि हे पत्र शाळेचा अपमान आहे काय. अध्यक्षांनी मध्येच एकदा विचारलं, “गोळा मुद्दाम लावला होता की नाही, एवढं एका शब्दात कुणी सांगेल का?” कुणी सांगेपर्यंत ते थांबले नाहीत. वाद पुन्हा फीवर गेला.

हे लिहीपर्यंत कळलेलं एवढंच. व्हरांड्यात मुंगीने हात बदलला आहे; उजवा खाली, डावा वर. बाई बाकावर आहेत. आत, गोणपाटासमोर, निरीक्षकांनी हात वर केला आहे, आणि अध्यक्षांचं अजून तिकडे लक्ष गेलेलं नाही.